चांदीने वसवलं, शिशा-जस्ताने तगवलं: ब्रोकन हिलचं प्रकरण

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पार पश्चिम टोकाला, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीजवळ, सिल्व्हरटन आणि ब्रोकन हिल अशी दोन गावं आहेत. दोघांत अंतर जेमतेम २५ किलोमीटर. दोन्ही चांदीसाठी वसली आणि तीही एकाच दशकात. १८८५ साली यातलं कोणतं टिकेल असं कोणी विचारलं असतं, तर शहाण्या माणसाने सिल्व्हरटनचंच नाव घेतलं असतं. तिथे तीन हजारांच्या आसपास वस्ती होती, दारूचे गुत्ते होते, वर्तमानपत्र होतं. ब्रोकन हिलला तेव्हा एक काळपट, ओबडधोबड टेकडी आणि तिच्या पायथ्याशी थोडे तंबू. आज सिल्व्हरटनला मोजकी दगडी घरं उरली आहेत आणि पर्यटक त्यांचे फोटो काढतात. ब्रोकन हिलमध्ये अजून सतराएक हजार लोक राहतात आणि जमिनीखाली अजून खाणकाम चालतं.

हा फरक टेकडीखाली काय होतं त्यामुळे पडला, हे उघडच आहे; पण अर्धंच. तिथल्या उत्तम चांदीचा भर काही वर्षांतच ओसरला, आणि चांदीचा भाव तर त्याआधीच कोसळला. तरीही गाव राहिलं. ते कसं, एवढ्यापुरतंच हे प्रकरण तपासायचं आहे. शोधाची गोष्ट रंगतदार आहे, ती सांगणारच. पण या गावाच्या बाबतीत ती जरा जास्तच सांगितली जाते, असं माझं मत आहे.

रान

हा मुलूख विल्याकाली लोकांचा. पाऊस फार कमी, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, मोठी नदी शंभरेक किलोमीटर लांब. १८४४ मध्ये चार्ल्स स्टर्ट हा इंग्रज शोधप्रवासी खंडाच्या मध्यभागी समुद्र असेल या आशेने इथून गेला. आपली वाट अडवणाऱ्या डोंगररांगेला त्याने ‘बॅरियर रेंज’ म्हणजे अडसर असं नाव दिलं. समुद्र काही सापडला नाही. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी मेंढ्या आणल्या आणि एकेका ‘स्टेशन’खाली, म्हणजे मेंढपाळीच्या जहागिरीखाली, शेकडो चौरस मैल रान घातलं. मूळ लोकांना त्यांच्याच पाणवठ्यांवरून बाजूला व्हावं लागलं. रान कुणाचं, हा प्रश्न पुढची सव्वाशे वर्षं कुणी विचारला नाही. विल्याकाली ज्यांच्यात मोडतात त्या बार्कांडजी लोकांचा या भागावरचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला तो २०१५ मध्ये.

चांदीचा पहिला सुगावा १८७६ मध्ये थॅकारिंगाला लागला. त्यानंतर आजूबाजूला छोट्या छोट्या शिरा सापडत गेल्या आणि त्यांच्या जोरावर सिल्व्हरटन उभं राहिलं. शिरा श्रीमंत होत्या, पण बारीक. वरचा माल खरवडला की खाली फारसं काही हाती लागत नसे. अशा गावात पैसा येतो वेगाने आणि जातो त्याहून वेगाने.

त्याच काळात माउंट गिप्स नावाच्या स्टेशनवर एक जर्मन माणूस घोड्यावरून कुंपणं तपासत हिंडत होता. त्याचं नाव चार्ल्स रास्प. १८६९ मध्ये आपण ऑस्ट्रेलियात आलो असं तो सांगे. मैलोन्‌मैल फिरायचं, तुटलेली तार जोडायची, मेंढ्या इकडच्या तिकडे जाऊ द्यायच्या नाहीत, असं त्याचं काम. स्टेशनच्या हद्दीत ती वाकडी, काळी टेकडी होती. सिल्व्हरटनचे अनुभवी शोधक तिच्यावरून जाऊन आले होते आणि ‘नुसता मुरूम’ म्हणून त्यांनी ती निकालात काढली होती.

रास्प अनुभवी नव्हता. त्याने खनिजं ओळखायचं एक पुस्तक विकत घेतलं होतं. टेकडीवरचा काळा दगड त्याला त्या पुस्तकातल्या कथिलाच्या वर्णनासारखा वाटला. तो कथील नव्हता. लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं साचून तयार झालेली ती धातुसाठ्याची टोपी होती. खाली काय आहे याची तिच्यावरून कल्पना येत नाही, आणि म्हणूनच जाणकारांनी तिच्याकडे पाठ फिरवली. ज्याला ठाऊक होतं तो सोडून गेला आणि ज्याला चुकीचं वाटलं त्याने हक्काच्या खुंट्या ठोकल्या. खाणींच्या इतिहासात हे नवलाचं नाही.

सात जण, चौदा वाटे

५ सप्टेंबर १८८३ रोजी रास्पने चाळीस एकरांच्या जागेवर हक्क सांगितला. सोबत डेव्हिड जेम्स आणि जेम्स पूल हे दोघं होते, स्टेशनवर पाण्याची तळी खणून देणारे ठेकेदार. बातमी व्यवस्थापक जॉर्ज मॅक्युलकच्या कानावर गेली. हा व्हिक्टोरिया वसाहतीचे माजी प्रीमियर सर जेम्स मॅक्युलक यांचा पुतण्या. त्याची पहिली चिंता मेंढ्यांची. रानात खाणवाले शिरले तर मजूर पळतील, पाणी संपेल, मेंढ्या बिथरतील. नंतर त्याने वेगळा हिशेब केला. खाणवाले येणारच असतील तर आपलेच असलेले बरे. मग सात जणांची भागी ठरली: रास्प, जेम्स, पूल, स्वतः मॅक्युलक, मेंढ्यांवरचा मुकादम जॉर्ज अर्कहार्ट, हिशेब आणि कोठार बघणारा जॉर्ज लिंड, आणि स्टेशनचं काम शिकायला आलेला कोवळा पोरगा फिलिप चार्ली. प्रत्येकाने सत्तर पौंड घालायचे आणि पुढे दर आठवड्याला एक पौंड. टेकडीच्या मधल्या भागावर आणखी खुंट्या ठोकून त्यांनी सात तुकडे ताब्यात घेतले.

आठवड्याला एक पौंड खिशातून काढणं कुंपणं तपासणाऱ्या माणसाला सोपं नव्हतं, आणि कस लावून येणारे निकाल उत्साह वाढवणारे नव्हते. कथील नाहीच, थोडं शिसं, किंचित चांदी. महिन्यामागून महिने गेले. अर्कहार्ट आणि लिंड लवकरच वाटा विकून मोकळे झाले. उरलेल्यांनी भार हलका करायला वाट्यांचे अर्धे तुकडे पाडले आणि साताचे चौदा झाले.

या चौदाव्या हिश्शांच्या दोन गोष्टी आजही तिथे सांगतात. पूलने आपला एक तुकडा दिला सिडनी किडमन नावाच्या तरुण गुरांच्या व्यापाऱ्याला, दहा बैलांच्या बदल्यात. किडमनने तो पुढे दीडशे पौंडांना विकला आणि चांगला सौदा झाला म्हणून खूश झाला. (पुढे हाच किडमन ऑस्ट्रेलियातला सर्वांत मोठा पशुमालक झाला, तेव्हा त्याची कीव करायचं कारण नाही.) दुसरी गोष्ट मॅक्युलकची. कॉक्स नावाच्या तरुण इंग्रजाला त्याने चौदावा हिस्सा विकायला काढला, पण किमतीवर घोडं अडलं. मग दोघांनी पत्ते काढले आणि युकरच्या डावावर भाव ठरवला. कॉक्स जिंकला आणि हिस्सा त्याला शंभर पौंडांत मिळाला.

या व्यवहारांना हसणं सोपं आहे. पण १८८४ मध्ये उपलब्ध माहितीवर किडमनचा व्यवहार शहाणपणाचाच होता. सत्तर पौंड आणि वर आठवड्याचा एक पौंड घालून कमी कसाचा दगड फोडत बसलेल्या माणसाकडून बैल देऊन घेतलेला वाटा जो दीडशे पौंडांना विकून टाकतो, तो मूर्ख ठरत नाही. सातांपैकी जे टिकले ते दूरदृष्टीने टिकले असंही मला वाटत नाही. मॅक्युलककडे पैसा होता, रास्पकडे हट्ट होता, आणि चार्ली तर पोरच होता.

आणि तो चार्लीच. १८८५ च्या सुरुवातीला त्याला खणलेल्या मालात चांदीचं क्लोराइड दिसलं. शिंगासारखं दिसणारं, सुरीने कापता येईल इतकं मऊ. टोपीखालच्या पट्ट्यात पाण्याबरोबर झिरपत आलेली चांदी इथे साठून राहिली होती. आता कस लावला तेव्हा आकडे बदलले.

ऑगस्ट १८८५ मध्ये ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ ही कंपनी नोंदली गेली. तिची आद्याक्षरं बी. एच. पी. आज एका बलाढ्य खाणकंपनीचं नाव म्हणून जगाला ठाऊक आहेत. सोळा हजार शेअरपैकी चौदा हजार भागीदारांकडे आले, म्हणजे जुन्या चौदाव्या हिश्शाला एक हजार. मेलबर्नला गाळायला पाठवलेल्या पहिल्या ४८ टन मालातून ३५ हजार औंसांहून जास्त चांदी निघाली. १८८८ च्या सुरुवातीला ॲडलेड-मेलबर्नच्या बाजारात सट्ट्याला ऊत आला, तेव्हा एका शेअरचा भाव चारशे पौंडांच्या वर गेला. किडमनच्या दहा बैलांची किंमत त्या दिवशी चार लाख पौंड होती.

रास्पने ॲडलेडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या ॲग्नेस क्लेवेझालशी लग्न केलं आणि त्याच शहरात मोठा वाडा घेतला. मॅक्युलक लंडनला जाऊन चित्रांचा नामांकित संग्राहक झाला. दोघंही १९०७ साली वारले. ब्रोकन हिलमध्ये राहायला सातांपैकी क्वचितच कुणी तयार होतं, आणि का, ते पुढे येतंच.

पत्र्याचं गाव

सरकारी मोजणीदाराने आखणी केली तेव्हा अधिकृत नाव ‘विल्यामा’ ठेवलं, पण बोलण्यात ब्रोकन हिलच राहिलं. रस्त्यांची नावं वाचली की रसायनशास्त्राचा तास चालू आहे असं वाटतं: अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट, क्रिस्टल. ही नावं अजून तीच आहेत आणि अर्जेंट स्ट्रीट आजही मुख्य बाजारपेठ आहे.

घरं मात्र तशी ऐटीची नव्हती. गोणपाट, फांद्या आणि नालीदार पत्रा. इमारती लाकूड नाही, विटेला पाणी नाही, दगड फोडून घर बांधायला सवड नाही. पत्रा सिल्व्हरटनहूनही आला. तिथला धंदा बसल्यावर लोकांनी अख्खी घरं उचलून गाड्यांवर चढवली आणि नव्या गावात आणून ठेवली. एक गाव दुसऱ्याच्या सामानातून उभं राहिलं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली संसार कसा होत असेल, ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको.

पाण्याची तऱ्हा त्याहून वाईट. डबक्यांचं, टाक्यांचं, गाड्यावरून विकत मिळणारं पाणी. सांडपाण्याची सोय नाही, संडासाची नाही. टायफॉइड येत राहिला आणि पहिल्या वर्षांत त्याने अनेक बळी घेतले. त्यात लहान मुलं आणि तरुण मजूर फार. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका खासगी कंपनीने स्टीफन्स क्रीकवर धरण बांधलं, पण पाऊसच नसेल तर धरण तरी काय करणार? दुष्काळात आगगाडीने पाणी आणावं लागे. डार्लिंग नदीचं पाणी नळाने गावात आलं ते १९५२ मध्ये. तीही नदी आटायला लागल्यावर २०१९ मध्ये मरे नदीपासून सुमारे २७० किलोमीटरची नवी वाहिनी टाकावी लागली. गावाने सव्वाशे वर्षांत खाणकामाचं तंत्र अनेकदा पालटलं, पाण्याचा प्रश्न मात्र नुसता लांबच्या नदीकडे सरकत गेला.

रेल्वे येण्याआधी आणि आल्यानंतरही आडवाटांवर माल वाहिला तो उंटांनी. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यातले बरेच जण तत्कालीन हिंदुस्थानातल्या पेशावर, बलुचिस्तान, पंजाबकडचे. गावाच्या उत्तरेला त्यांचा वेगळा तळ होता आणि तिथली पत्र्याची छोटी मशीद आज संग्रहालय म्हणून जपली आहे. या वस्तीचं नाव एका भीषण घटनेने इतिहासात गेलं. १ जानेवारी १९१५ रोजी त्यातल्या मुल्ला अब्दुल्ला आणि गूल मोहम्मद या दोघांनी सहलीला निघालेल्या उघड्या डब्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. गावातले चौघे मेले, हल्लेखोर दोघंही मारले गेले. महायुद्ध चालू होतं आणि तुर्कस्तानच्या सुलतानासाठी आपण लढतोय असं त्यांचं म्हणणं होतं. त्या रात्री जमावाने जाऊन जाळला तो मात्र जर्मन क्लब. ज्या गावाचा शोधच एका जर्मन माणसाने लावला, त्या गावात.

रेल्वेची हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. गाव न्यू साउथ वेल्सचं, पण राजधानी सिडनी हजार किलोमीटरहून लांब. दक्षिण ऑस्ट्रेलियाचं ॲडलेड त्याच्या निम्म्यावर. दक्षिण ऑस्ट्रेलियाने आपल्या हद्दीपर्यंत रूळ आणले. पुढचे पन्नासेक किलोमीटर सिडनीचं सरकार बांधेना आणि परक्या वसाहतीला बांधूही देईना. शेवटी एका खासगी कंपनीने ‘ट्रामवे’ या नावाखाली रीतसर रेल्वेच बांधली आणि जानेवारी १८८८ मध्ये ती चालू झाली. ती पुढची ऐंशी वर्षं भरपूर नफ्यात चालली. माल उतरू लागला पोर्ट पिरी बंदरावर, पैसा खेळू लागला ॲडलेडमध्ये, आणि ब्रोकन हिलच्या घड्याळात आजही सिडनीची नव्हे तर ॲडलेडची वेळ असते. सिडनीचा थेट लोहमार्ग १९२७ मध्ये पुरा झाला. तोवर गावाची सोयरीक पश्चिमेशी पक्की होऊन गेली होती.

खाणीत मात्र माणसं अमेरिकेतून आली. कंपनीने नेवाडातल्या कॉमस्टॉक खाणींवर काम केलेले विल्यम पॅटन यांना जबर पगारावर व्यवस्थापक म्हणून आणलं आणि कोलोरॅडोच्या लेडव्हिलमधून हर्मन श्लाप यांना भट्ट्यांसाठी. धातूचा पट्टा इतका रुंद होता की खणलेल्या पोकळ्या कोसळायची धास्ती असे. पॅटनने कॉमस्टॉकची पद्धत आणली: जाड तुळयांचे चौकोनी सांगाडे एकावर एक रचत न्यायचे आणि त्यांच्या आधाराने वर सरकायचं. लाकूडही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, ओरेगन पाइन. पॅसिफिक ओलांडून आलेलं जंगल न्यू साउथ वेल्सच्या वाळवंटाखाली गाडलं गेलं. स्थानिक झाडंझुडपं चुलीत आणि बॉयलरमध्ये गेली. याचा परिणाम काही वर्षांत डोळ्यांत गेला, अगदी शब्दशः.

मुंबईच्या टांकसाळीचं दार

आता या प्रकरणातला तो भाग, जो आपल्याकडच्या वाचकाला सहसा माहीत नसतो, पण ज्याचा धागा थेट मुंबईच्या फोर्टपर्यंत येतो.

एकोणिसाव्या शतकात जगातले बरेच देश एकामागोमाग एक सोन्याच्या चलनाकडे वळले आणि चांदीला गिऱ्हाईक कमी होत गेलं. हिंदुस्थान हा उरलेला मोठा ग्राहक. रुपया चांदीचा होता आणि टांकसाळी खुल्या होत्या. म्हणजे कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, ठरलेला आकार द्यावा आणि रुपये पाडून घ्यावेत. चांदीच्या भावाला हा एक तळ होता. पण चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाही स्वस्त होत गेला. पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेतली देणी, म्हणजे पेन्शनी, व्याज, लष्कराचा खर्च, सोन्याच्या पौंडात भागवावी लागत. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी रयतेकडून जास्त रुपये वसूल करावे लागत.

या चलनप्रश्नावर नेमलेल्या हर्शेल समितीने अहवाल दिला आणि २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद झाल्या. लंडनमध्ये चांदी औंसाला ३८ पेन्सच्या आसपास होती, ती काही दिवसांत ३० पर्यंत खाली आली. त्याच वर्षी अमेरिकेनेही सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. मुंबई, कलकत्ता आणि वॉशिंग्टन अशी तिन्ही दारं सहा महिन्यांच्या आत मिटली.

ब्रोकन हिलला हा घाव बसला तो आधीच जखमी असताना. ऑस्ट्रेलियातल्या बँका त्याच वर्षी एकामागून एक बंद पडल्या होत्या. आदल्या वर्षीच चार महिन्यांचा संप मोडून काढला गेला होता. छोट्या कंपन्या गुंडाळल्या गेल्या. जे गाव केवळ चांदीवर उभं असतं, ते इथे संपलं असतं. सिल्व्हरटनला तर एवढीही वेळ लागली नव्हती.

मला या प्रकरणाचा कणा इथे दिसतो. टेकडीत चांदी किती हा प्रश्न १८९३ नंतर गौण झाला. चांदीसोबत आणखी काय आहे आणि ते वेगळं काढता येतं का, यावर गावाचं मरण-जगणं अवलंबून राहिलं.

फेस

चांदीसोबत होतं शिसं आणि जस्त, आणि तेही अफाट. सात किलोमीटरांहून लांब असा हा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या शिसं-जस्त-चांदी साठ्यांपैकी एक. पण वरचा मऊ, ऑक्साइड झालेला माल संपला की खाली लागायचा सल्फाइडचा कठीण दगड, ज्यात शिशाचं गॅलिना आणि जस्ताचं स्फालराइट एकमेकांत गुंतलेलं. भट्टीत टाकलं की जस्त शिशाचं काम बिघडवायचं. दळून, पाण्याने धुऊन जड शिसं वेगळं काढता येई, पण जस्त हलक्या गाळाबरोबर निघून जायचं. हा गाळ खाणींच्या दारात डोंगरासारखा साठत गेला. लाखो टन जस्त, आणि ते काढता येत नाही.

तोडगा निघाला तो १९०२ ते १९०५ च्या दरम्यान, आणि तो सुचलेल्यांत दोघं मेलबर्नचे बिअर बनवणारे होते: चार्ल्स पॉटर आणि ऑग्युस्त द बावे. बी. एच. पी.चे डच महाव्यवस्थापक गियोम देल्प्रात स्वतंत्रपणे त्याच दिशेने निघाले होते. बारीक दळलेला गाळ आम्ल किंवा तेल घातलेल्या पाण्यात ढवळला, की सल्फाइडचे कण बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. दगडाचे कण ओले होऊन तळाशी बसतात. जड वस्तू वर आणि हलकी खाली. बिअरच्या पिंपावरच्या फेसाकडे रोज पाहणाऱ्याला हे आधी दिसलं, असं म्हणायचा मोह होतो आणि तो मी आवरत नाही. श्रेय कुणाचं यावर पेटंटचे खटले चालले. पण पद्धत टिकली, आणि आज जगभर तांबं, शिसं, जस्त वेगळं करायला फेसप्लवनच वापरतात. आपल्या राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींवरही.

कालचा कचरा मालमत्ता झाला. तो विकत घ्यायला नव्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या झिंक कॉर्पोरेशनच्या उभारणीत हर्बर्ट हूवर नावाचा तरुण अमेरिकी खाण-अभियंता होता, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. तिचाच वंश पुढे रिओ टिंटो या खाणकंपनीला जाऊन मिळाला. म्हणजे जगातल्या दोन बलाढ्य खाणकंपन्यांची मुळं या एकाच टेकडीत आहेत.

बी. एच. पी.ने मात्र वेगळीच वाट धरली. शिसं गाळताना द्रावक म्हणून लोहखनिज लागे. त्यासाठी कंपनीने दक्षिण ऑस्ट्रेलियातला आयर्न नॉब हा डोंगर घेतला होता. आपल्या टेकडीवरचा माल ओसरतोय हे दिसत असलेल्या देल्प्रात यांनी त्या लोहाकडे नव्या नजरेने पाहिलं आणि १९१५ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलला पोलादाचा कारखाना सुरू झाला. १९३९ मध्ये कंपनीने ब्रोकन हिल सोडलं. नाव ठेवलं, गाव सोडलं.

गावाचे मालक कोण

जमिनीखालच्या कामाने माणसं मारली ती दोन प्रकारे: दरड कोसळून एकदम, आणि धूळ-शिशाने हळूहळू. शिशाची बाधा झालेल्याला तिथे ‘लेडेड’ म्हणत. पोटात कळा, हात लुळे पडणं, काहींना झटके. १८९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत भट्ट्याही गावातच धुमसत होत्या. मग त्या पोर्ट पिरीला नेल्या गेल्या आणि विषाचा वाटा तिकडे गेला.

कामगार संघटना या मातीत रुजल्या, त्याला हे कारण. १८९२ च्या संपात पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. त्यातले रिचर्ड स्लीथ सुटून आल्यावर दोन वर्षांत आमदार झाले. १९०९ मध्ये मजुरीकपातीवरून टाळेबंदी झाली. मग आला १९१९-२० चा मोठा संप, अठरा महिन्यांचा. दीड वर्ष घरात पगार नाही, संघटनेच्या शिध्यावर संसार. त्याच काळात वैद्यकीय चौकशी झाली आणि शेकडो खाणकामगारांची फुप्फुसं खराब झाल्याचं कागदावर आलं. संप संपला तेव्हा जमिनीखाली ३५ तासांचा आठवडा मिळाला, रात्रपाळी बंद झाली, आजारी माणसाला भरपाई ठरली. १९२० साली ३५ तास! मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा रोज दहा तासांसाठी भांडण चालू होतं.

त्यानंतर गावावर खरी सत्ता बॅरियर इंडस्ट्रियल कौन्सिल या संघटनांच्या महासंघाची चालली. कामगारांचं दैनिक वर्तमानपत्र १९०८ पासून निघत होतं. शिशाच्या भावाप्रमाणे बोनस ठरला. पण या सत्तेची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाहेरच्या माणसाला गावात नोकरी मिळणं अवघड करून ठेवलं होतं. लग्न झालेल्या बाईने नोकरी सोडायची, हा नियम अनेक दशकं चालला. मालकांशी इतक्या निकराने लढलेल्या माणसांनी आपल्याच घरातल्या बायकांना दारात अडवलं, ही गोष्ट त्या संपांच्या गौरवगीतांत सहसा येत नाही.

धूळ

झाडं तोडल्यावर आणि मेंढ्या-सशांनी उरलेलं खाल्ल्यावर मोकळी वाळू गावावर चढून यायची. कुंपणं गाडली जायची, भर दुपारी दिवे लावावे लागायचे. १९३० च्या दशकात अल्बर्ट मॉरिस या हौशी वनस्पतिअभ्यासकाने आणि त्याच्या पत्नी मार्गारेट यांनी एक साधा प्रस्ताव मांडला: गावाभोवतीच्या पट्ट्याला ससे आणि गुरं शिरणार नाहीत असं कुंपण घाला आणि स्थानिक वनस्पतींना आपोआप येऊ द्या. खाणकंपन्यांनी खर्च उचलला, १९३६ पासून कुंपणं पडली आणि दोनेक पावसाळ्यांत हिरवळ परतली. अल्बर्ट १९३९ मध्ये गेले. त्यांचं काम पुढे गावाला वेढून राहिलं. लोकसहभागाचे धडे देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यात लावलेल्या रोपांपेक्षा न चरू दिलेल्या जमिनीचा वाटा मोठा होता.

जानेवारी २०१५ मध्ये ब्रोकन हिल हे अख्खं शहर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेलं. तिथे अशी नोंद झालेलं ते पहिलं शहर. ज्या वाकड्या टेकडीवरून नाव पडलं ती शिल्लक नाही, खाणीनेच ती खाल्ली. तिच्या जागी असलेल्या मलब्याच्या उंचवट्यावर खाणीत मेलेल्या आठशेहून अधिक कामगारांची नावं आणि मृत्यूची कारणं कोरलेलं स्मारक आहे. खाली खाणकाम चालूच आहे, मुख्यतः शिसं आणि जस्तासाठी; चांदी त्यांच्यासोबत निघते.

आणि शिशाचा हिशेब मिटलेला नाही. वाऱ्याने उडालेली शतकभराची धूळ अंगणात, छतांच्या पोकळीत, मुलांच्या बोटांवर बसते. १९९० च्या दशकापासून तिथे लहान मुलांच्या रक्तातलं शिसं नियमित तपासतात. ज्यांचे आकडे वाढलेले येतात, त्यांच्या अंगणातली माती झाकणं किंवा बदलणं, घरातल्या भेगा बुजवणं ही कामं सरकारी खर्चाने होतात. खाणीच्या रेषेला लागून असलेल्या घरांत आकडे जास्त येतात, आणि गावातल्या मूळनिवासी मुलांमध्ये ते इतर मुलांपेक्षा वरचढ राहिले आहेत.